आडवी बाटली आणि मतपत्रिकेचे नियम



भारताच्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. राज्याच्या सीमा बदलायच्या असल्या तरी अनुच्छेद ३ नुसार संसद कायदा करते. त्या राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवले जाते, पण तिथे राहणाऱ्या माणसाला कुणी मतपत्रिका देत नाही. मराठवाड्याला हे नव्याने सांगायला नको. १९४८ च्या वाटाघाटींत हैदराबादच्या विलीनीकरणाचा प्रश्न सार्वमताने सोडवण्याची तयारी भारत सरकारने दाखवली होती. निजामाने ती वाट धरली नाही, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निकाल लागला तो लष्करी कारवाईने. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होऊन आपले पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. आपण बिनशर्त आलो, असे आपण अभिमानाने सांगतो. मतपेटी मात्र तेव्हाही मांडली गेली नव्हती.

तरीही याच महाराष्ट्रात एक प्रश्न असा आहे, की तो कुठल्याही उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या आडून न जाता थेट मतदारापुढे ठेवला जातो. तो प्रश्न म्हणजे गावातले दारूचे दुकान राहावे की जावे. उभी बाटली की आडवी बाटली. आज मी बोलणार आहे ते या मतदानाच्या नियमांविषयी. दारू चांगली की वाईट यावर या सभागृहात फार मतभेद असतील असे मला वाटत नाही. पण मत विचारायचे कसे, मोजायचे कसे, कधी आणि कुणी, यावर आपण पुरेसे बोललेलो नाही. एकेका गावात बायका दोन-दोन वर्षे झटतात आणि शेवटी नियमाशी हरतात. हे मला सहन होत नाही, म्हणून हा विषय घेतला.

आधी नियम काय आहे ते पाहू. दारूबंदी अधिनियम १९४९ चा. त्याखाली २००८ साली राज्य सरकारने जो आदेश काढला, त्यानुसार गावातल्या किंवा शहरातल्या वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के महिलांनी सह्या करून मागणी केली, तर राज्य उत्पादन शुल्क विभाग त्या सह्या पडताळतो. त्या खऱ्या ठरल्या की जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान चालू ठेवा, आडव्या बाटलीवर शिक्का म्हणजे बंद करा. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले, तर दुकान बंद.

पडताळणीचा दिवस ज्याने पाहिला नाही त्याला हा नियम फार सोपा वाटेल. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या खोलीत टेबल मांडलेले असते. टेबलावर मतदार यादी आणि अर्जाच्या प्रती. एकेका बाईला नावाने पुकारतात. ती पदर सावरत पुढे येते, ओळखपत्र दाखवते, आणि अधिकारी विचारतात, ही सही तुमचीच का? अर्जावर तिने अंगठा दिलेला असतो, कारण त्या दिवशी घाईत पेन सापडला नव्हता. आज ती सही करून दाखवते, तर म्हणतात जुळत नाही. यादीत नाव माहेरचे, आधारवर सासरचे. कुणाच्या नावात 'बाई' आहे, कुणाच्या नाही. बाहेर दुकानदाराची माणसे मोटारसायकलींना टेकून उभी असतात. त्यांना काही बोलावे लागत नाही. कोण आत गेली आणि कोण बाहेर आली हे त्यांनी पाहिले एवढे पुरते. मजुरी बुडवून आलेली बाई दुपारी अडीच वाजता नंबर लागेपर्यंत थांबते, कारण २५ टक्क्यांत एक जरी कमी पडली तर अर्ज निकालात निघेल. लोकशाहीत अर्ज पडताळायलाच हवा, खोट्या सह्यांवर कुणाचा परवाना जाऊ नये. पण ही पडताळणी गुप्त नाही. मत गुप्त आणि मागणी उघडी, अशी ही रचना आहे, आणि दबाव आणायला उघडी बाजू पुरेशी असते.

आता मोजणीकडे येऊ. माझा मुख्य मुद्दा इथेच आहे.

समजा एका गावात १,२०० महिला मतदार आहेत. त्यांतल्या २०० उसाच्या फडावर गेल्या आहेत, ९० नवऱ्याबरोबर पुण्याला कामाला आहेत, ६० जणींची लग्ने होऊन त्या सासरी गेल्या पण नाव अजून इथेच आहे, आणि ३० वारल्या आहेत. राहिल्या ८२०. त्यांतल्या ६५० मतदानाला आल्या. ५९० जणींनी बाटली आडवी केली, ५५ जणींनी उभी ठेवली, ५ मते बाद. ५९० विरुद्ध ५५. जगातल्या कुठल्याही निवडणुकीत याला प्रचंड विजय म्हणतील. या मतदानात दुकान जिंकले, कारण १,२०० चे निम्म्याहून अधिक म्हणजे ६०१ व्हायला हवे होते. फडावरच्या, पुण्यातल्या, सासरच्या आणि वारलेल्या अशा ३८० जणींची मते नियमाने उभ्या बाटलीच्या पदरात टाकली.

याच गावात सरपंच कसा निवडून येतो? इतरांपेक्षा एक मत जास्त पडले की झाला. आमदार, खासदार तसेच. आणि ग्रामसभेची गणपूर्ती किती? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला त्याच विषयांसाठी गणपूर्तीची अट लागत नाही. गावाच्या विकासाचा आराखडा पन्नास माणसांत मंजूर होऊ शकतो, पण देशी दारूचे एक दुकान हलवायला निम्मी यादी उभी करावी लागते. सर्वांत कडक अट आपण सर्वांत दुबळ्या माणसांच्या मागणीला लावली आहे.

हा प्रयोग दुसरीकडेही झालेला आहे. १ मार्च १९७९ ला स्कॉटलंडमध्ये स्वतंत्र विधिमंडळाच्या प्रश्नावर सार्वमत झाले. ५१.६ टक्के मते बाजूने पडली. पण ब्रिटिश संसदेने अट घातली होती, की बाजूची मते एकूण यादीच्या ४० टक्के हवीत. ती भरली ३२.९ टक्के, आणि बहुमत मिळूनही प्रस्ताव पडला. तिथेही तक्रार हीच होती, की घरी बसलेला आणि मेलेला माणूस विरोधात मोजला गेला. सप्टेंबर १९९७ मध्ये त्याच प्रश्नावर पुन्हा सार्वमत घेताना ती अट ठेवली नाही, आणि ७४.३ टक्के लोकांनी होकार दिला. तिकडे ४० टक्क्यांवर एवढा वाद झाला, आपण ५० टक्के लावून मोकळे झालो.

अट मुळीच नको असे मी म्हणत नाही. दोनशे जणींच्या मतदानावर अख्ख्या गावाचा निर्णय होऊ नये. पडलेल्या वैध मतांचे बहुमत हवे, आणि बाजूची मते यादीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी नसावीत, एवढी अट पुरेशी आहे. आणि ती यादी मतदानाआधी तीस दिवसांत घरोघर जाऊन शुद्ध केलेली हवी.

आता तारीख. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या लोकांपुढे मी हे बोलतो आहे. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या भागांतून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाडव्याच्या आगेमागे, वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या असतात. कोयत्याला जोडी लागते, त्यामुळे नवऱ्याबरोबर बायकोही जाते. म्हणजे दारूचा मार जिच्या पाठीवर सर्वांत जास्त पडतो, तीच बाई सहा महिने यादीत असते आणि गावात नसते. त्या सहा महिन्यांत तारीख लावली, तर निकाल तारखेनेच ठरला. आदेशात याविषयी काही नाही. तारीख ठरवणाऱ्याच्या मनात खोट नसली तरी होणारे नुकसान तेवढेच.

पण एक दिवस असा आहे, की त्या दिवशी हीच टोळी गावात येते. ग्रामपंचायतीच्या मतदानाचा दिवस. उमेदवार गाड्या पाठवतात, सांगली-कोल्हापूरकडच्या, कर्नाटकातल्या फडांवरून माणसे रात्रीतून आणतात आणि दुसऱ्या दिवशी परत पोचवतात. पुण्या-मुंबईची पोरे येतात. बाटलीच्या मतदानाला गाडी कोण पाठवणार? बचत गटाच्या बायकांकडे डिझेलचे पैसे नसतात. म्हणून माझी सूचना सरळ आहे. मागणी मंजूर झाली, की त्या गावात येणारी पुढची जी कुठली निवडणूक असेल, ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची, विधानसभेची किंवा लोकसभेची, तिच्याच दिवशी, त्याच केंद्रावर, वेगळ्या रंगाची वेगळी मतपत्रिका देऊन हे मतदान घ्यावे. ग्रामपंचायतीला आपला मतदार प्रभागातल्या दोन-तीन जागांसाठी आणि सरपंचासाठी अशी अनेक मते एकाच फेरीत देतोच. आणखी एका कागदाने गोंधळ होणार नाही. आणि सहा महिन्यांत कुठलीच निवडणूक नसेल, तर स्वतंत्र मतदान घ्यावे. ही मुदत घालायलाच हवी. २०२२ नंतर कितीतरी जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती होत्या हे आपण पाहिले आहे. 'पुढच्या निवडणुकीला' याचा अर्थ तेव्हा 'कधीच नाही' असा झाला असता.

या सूचनेवर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. निवडणुकीच्या आधीच्या रात्रीच तर गावात सर्वांत जास्त दारू वाटली जाते. प्रश्न आणि उमेदवार एकाच दिवशी आणले, की बाटली एखाद्या पॅनेलची होईल. ज्या पॅनेलला दुकानदाराचा पैसा, त्याच्या बाजूच्या घरांतल्या बायकांना उभ्या बाटलीवर शिक्का मारायला सांगितले जाईल.

या आक्षेपाला उत्तर शोधताना मला गोव्याचा आधार वाटतो. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, हा प्रश्न होता. विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित राहण्याला दोन पाने अशी चिन्हे होती. त्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला. भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे सरकार विलीनीकरणवादी होते, म्हणून कौलाआधी त्या सरकारने राजीनामा दिला आणि केंद्र सरकारच्या देखरेखीखाली मतदान झाले. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली आणि फुलाला १,३८,१७०. ३४,०२१ च्या फरकाने विलीनीकरण नाकारले गेले. यापुढचे फार कमी वेळा सांगितले जाते. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी त्याच बांदोडकरांच्या पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवले. भाऊसाहेब हवेत, विलीनीकरण नको, असे दोन वेगळे निर्णय लोकांनी नीट वेगळे करून दिले. आपण मराठी माणसांनी त्या निकालाचे दुःख केले, पण त्यातली मतदाराची समज पुरेशी पाहिली नाही.

कुणी म्हणेल, तिथे तर दोन मतदाने वेगवेगळ्या दिवशी झाली, मग हे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. अंशतः ते खरे आहे. अख्ख्या राज्याचे भवितव्य ठरवणारा प्रश्न निवडणुकीपासून दूरच ठेवावा, मी त्याच बाजूचा आहे. पण गोव्याच्या कौलात फडावर गेलेल्या टोळ्यांचा प्रश्न नव्हता आणि यादीच्या निम्म्याची अटही नव्हती, साधे बहुमत पुरेसे होते. आपल्याकडे गावात माणूस असणे हीच पहिली अडचण आहे. म्हणून दिवस एक, पण कागद वेगळा, पेटी वेगळी, मोजणी वेगळी आणि त्या केंद्रावर महिला कर्मचारी. गोव्याकडून घ्यायची ती दुसरी गोष्ट. ज्याचा हितसंबंध आहे त्याने मतदानाच्या व्यवस्थेतून बाजूला व्हावे. उत्पादन शुल्क विभागाचे काम दारूवरचा महसूल गोळा करणे. राज्याच्या तिजोरीत त्यातून दरवर्षी हजारो कोटी येतात. त्याच विभागाने सह्या पडताळायच्या, हे त्या विभागातल्या प्रामाणिक अधिकाऱ्यांवरही अन्याय करणारे आहे. राज्य निवडणूक आयोग घटनेच्या अनुच्छेद २४३-के प्रमाणे पंचायतींच्या निवडणुका घेतोच. हे कामही कायद्यात दुरुस्ती करून त्याच्याकडे द्यावे.

प्रश्नाच्या मांडणीबाबत मात्र आपला नियम जगात कुठेही दाखवावा इतका चांगला आहे. दोन चित्रे, एकच बाब, आणि अक्षरओळख नसलेली म्हातारीही चुकणार नाही. ब्रिटनमध्ये २०१६ च्या सार्वमताआधी सरकारने 'राहावे का' असा हो-नाही प्रश्न मांडला होता. तिथल्या निवडणूक आयोगाने तो एका बाजूला झुकणारा ठरवला, आणि मग 'राहावे' व 'बाहेर पडावे' असे दोन पर्याय छापले गेले. सिक्कीममध्ये १४ एप्रिल १९७५ ला चोग्यालांचे, म्हणजे तिथल्या राजांचे, पद रद्द करणे आणि भारताचे घटक राज्य होणे, अशा दोन गोष्टी एकाच प्रश्नात बांधल्या होत्या. एक हवी आणि दुसरी नको असणाऱ्या माणसाला तिथे जागाच नव्हती. आपल्या बाटलीत असा घोळ नाही. ज्याने कुणी ही चित्रे सुचवली त्याला गावातली बाई माहीत होती.

मग असेच आणखी प्रश्न मतपत्रिकेवर का आणू नयेत? थेट निवडलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास मंजूर केला, तर तो ग्रामसभेत गुप्त मतदानाला जातो, म्हणजे दुसरे दार आधीच किलकिले आहे. शक्तिपीठ महामार्ग आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून जाणार म्हणतात, त्यावर गावांना का विचारू नये? मी म्हणेन, जरूर विचारावे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावरच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांकडे सोपवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. किनवट भाग पाचव्या अनुसूचीत येतो, तिथल्या ग्रामसभांना पेसा कायद्याने असेच जास्तीचे अधिकार दिले आहेत. जमीन ज्यांची जाते त्यांचा हा प्रश्न आहे.

पण काही प्रश्न मतपेटीत टाकू नयेत, आणि त्याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. नवे विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर २००९ पासून आपण भांडतो आहोत. दोन्हीकडे मोर्चे निघाले, बंद झाले. उद्या कुणी म्हणाले सार्वमत घ्या, तर २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्हा सुमारे ३३ लाख ६१ हजारांचा आणि लातूर सुमारे २४ लाख ५४ हजारांचा. निकाल मतदानाआधीच लागलेला आहे. नांदेडमध्ये उभा राहून सांगतो, की असा विजय नांदेडने मागू नये. कार्यालय कुठे असावे हे अंतर, रस्ते आणि लोकांच्या हेलपाट्यांवरून ठरवावे. तसेच, माणसाच्या हक्काचा प्रश्न गावाच्या बहुमतापुढे ठेवता येणार नाही. कुणी कुठल्या विहिरीवर जावे, कुणाशी लग्न करावे, कुणाला गावात दुकान टाकू द्यावे, यांवर आडवी-उभी होऊ शकत नाही. बहुमताने माणूस वाळीत टाकण्याची सवय आपल्या गावांना होती आणि आहे, म्हणून तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा करावा लागला.

निकालाचे काय होते, हाही नियमाचाच भाग. २१ सप्टेंबर २००८ ला रायगड जिल्ह्यात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत, विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यायची की नाही यावर खुद्द जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचा कौल घेतला. माणसे रांगा लावून आली. निकाल सरकारने जाहीर केला नाही. विचारायचे आणि उत्तर कपाटात ठेवायचे, याने लोकांचा जो विश्वास जातो तो न विचारण्यानेही जात नाही. आणि विश्वास गेला की मारकडवाडी होते. माळशिरस तालुक्यातल्या त्या गावाने ३ डिसेंबर २०२४ ला विधानसभा निवडणुकीचे मतदान आपल्याच खर्चाने मतपत्रिकेवर पुन्हा घ्यायचे ठरवले, आणि प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवले. त्या मतदानाला कायद्याचा आधार नव्हता हे खरे. पण लोकांना आपले मत मोजून पाहायचे होते, आणि त्यासाठी एकही अधिकृत वाट उघडी नव्हती. बाटलीच्या बाबतीत निकाल त्याच संध्याकाळी केंद्रावर जाहीर व्हावा आणि परवाना ठरलेल्या दिवसांत बंद व्हावा, हे आदेशातच लिहिलेले असले पाहिजे.

दुकान बंद झाल्याने दारू संपते असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठवण्यात आली. चोरट्या विक्रीचे कारण दोन्ही बाजूंनी दिले गेले. गावातल्या बायकांना हे माहीत नाही असे कुणी समजू नये. शाळेच्या वाटेवर, बसस्थानकासमोर, हजेरीचा पगार होतो त्या चौकात सरकारी परवान्याचा फलक नको, एवढेच त्या मागतात.

ज्या गावांत आज सह्या चालू आहेत त्यांना आदेश बदलेपर्यंत थांबता येणार नाही. त्यांनी सह्यांच्या आधी यादी हाती घ्यावी. तहसीलमधून गावाची मतदार यादी मिळवा, बचत गटाच्या चार जणी बसा आणि एकेक नाव वाचा. वारलेल्यांसाठी नमुना ७ भरा, सोबत मृत्यूचा दाखला लावा. सासरी गेलेल्या मुलींना तिकडे नमुना ८ भरायला सांगा. मतदार यादीचे काम पाहणाऱ्या बी.एल.ओ. कडून पोच घ्या, आणि ती नावे खरोखर कमी झाली की नाही हे पुढच्या यादीत तपासा. वरच्या १,२०० मतदारांच्या गावात सासरी गेलेल्यांची आणि वारलेल्यांची मिळून ९० नावे अशी कमी झाली असती, तर यादी १,११० वर आली असती. निम्म्याहून अधिक म्हणजे ५५६. आडव्या बाटलीला ५९० मते पडलेलीच होती.